तेरा तास पन्नास मिनिटं

फोन आला तेव्हा ती नेमकं आपल्याच गावाला जाणारं विमान हातावेगळं करत होती. सकाळचे आठ वाजले होते. विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात, खिडक्या नसलेल्या त्या लांबट खोलीत, उड्डाणांचं नियोजन करणं हे तिचं काम. विमानाने कुठून जायचं, किती उंचीवरून जायचं, इंधन किती घ्यायचं, समोरचा वारा किती वेळ खाणार, हे सगळं ठरवून ती खाली सही करायची. या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सहा हजार दोनशे चौदा सागरी मैल. पण सरळ रेषेत विमान कोणी नेत नाही. वादळ चुकवत, बंद आकाश चुकवत, त्यातल्या त्यात बरा वारा शोधत जाणारा तिचा आजचा मार्ग त्याहून एकशे सव्वीस मैलांनी लांबला होता. वेळ, तेरा तास पन्नास मिनिटं.

"ताई," धाकटा भाऊ म्हणाला.

अप्पा दोन दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडले होते. "घाबरू नकोस, येईल शुद्ध," असं भाऊ रोज सांगत होता आणि ती रोज ते खरं धरत होती. खरं धरणं सोपं होतं.

"बोल."

"दोनदा तपासलं गं त्यांनी. मेंदूत काही राहिलं नाही म्हणतात. श्वास मशीनचा आहे. ते काढायचं म्हणतायत. आत्याही म्हणते, किती दिवस टांगून ठेवणार माझ्या भावाला? मी म्हटलं, ताई आल्याखेरीज कोणी हात लावायचा नाही."

"थांबतील?"

"किती वाजता पोचतेस ते सांग. हातात आकडा असला म्हणजे मला भांडता येतं."

तिने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. "बारा दहा."

"बारा दहा," तो पुटपुटला. कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. "निघ तू. डॉक्टरांकडे मी बघतो."

तिने पुन्हा फोन लावला तोवर त्याचा बंद झाला होता. अतिदक्षता विभागाच्या दाराशी फोन काढून घेतात, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टर किती वाजेपर्यंत थांबायला तयार झाले, झाले की नाही, हे मात्र ठाऊक नव्हतं.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे गुरुजी म्हणायचे. कुणी काही विचारलं की तो आधी प्रस्तावना करायचा, म्हणून. आज त्याने प्रस्तावना केली नाही.

"ऊठ. खुर्ची सोड."

"सही झालीये माझी याच्यावर."

"मग उड्डाणावर नजर मी ठेवतो, सही तुझीच राहू दे. पासपोर्ट?"

"खणात."

या धंद्यातली माणसं पासपोर्ट टेबलाच्या खणात ठेवतात. उरलेल्या जागेवर फुकट बसून कधी जावं लागेल, सांगता येत नाही. गुरुजीने फोनवर कुणाला तरी दमात घेतलं, कुणाला तरी दादा-बाबा केलं आणि एक्केचाळिसाव्या रांगेतली मधली खुर्ची मिळवली. दहा वीसला विमान सुटलं. वेळेवर. तिने आखल्याप्रमाणे.

*

विमान सूर्याच्या मागे लागल्यासारखं पश्चिमेकडे चाललं होतं. सकाळ सरता सरत नव्हती. डावीकडचा माणूस झोपला, उठला, जेवला, पुन्हा झोपला, तरी खिडकीबाहेर तेच पांढरं ऊन.

तिने कधी पुढच्या खुर्चीच्या पाठीवरचा तो छोटा पडदा लावला नव्हता. प्रवाशांच्या नकाशात विमान हत्तीएवढं दाखवतात आणि समुद्र हातभर. पण सहा तास झाल्यावर हातांना काहीतरी हवं होतं, म्हणून तिने बोट लावलं. उरलेलं अंतर आलं, बाहेरचं तापमान आलं. मग ओळ आली: पोहोचण्याची स्थानिक वेळ, १७:४०.

तिला आधी वाटलं, काहीतरी घोटाळा झाला, विमान साडेपाच तास उशिरा जातंय. असं कसं होईल? मार्ग तिचा होता.

मग तिला सकाळी भावाला सांगितलेला आकडा आठवला.

विमानांच्या जगात एकच घड्याळ चालतं. वैमानिक कुठल्याही देशात असो, कक्ष कुठल्याही देशात असो, कागदावर सगळ्यांची वेळ एकच, शून्य रेखांशावरची. गोंधळ नको म्हणून. तिच्या टेबलावर दुसरं घड्याळच नव्हतं. गेली एकोणीस वर्षं दिवसाचे आठ-आठ तास ती त्या वेळेत राहत होती, आणि सकाळी भावाने विचारल्यावर तिने पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा वाचून दाखवला होता. गावचं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तिचे बारा दहा म्हणजे तिथली संध्याकाळची पाच चाळीस.

भाऊ दुपारी बारा दहाला वाट बघायला लागणार. एक वाजेल, दोन वाजतील. विमानाचं काय झालं ते फोनवर शोधून बघणाऱ्यातला तो नव्हता. त्याचा फोन लावण्यापुरता, आणि तोही आता दाराशी जमा. आत्या म्हणेल, तिचं काही खरं नाही, तू ऊठ. डॉक्टर अडीचपर्यंत, फार तर तीनपर्यंत चांगुलपणा दाखवतील. तीन वाजता ती अजून हवेतच असेल.

आता तिथे सकाळी दहाला दहा मिनिटं कमी होती.

विमानातलं इंटरनेट चालत नव्हतं. नादुरुस्त वस्तूंच्या यादीत ती नोंद तिने स्वतः सकाळी वाचली होती आणि उड्डाणाला बाधा नाही, असा शेरा मारला होता.

एक वाट होती. वैमानिकांच्या खोलीत एक लहानसं यंत्र असतं. त्यावरून कक्षाला चार ओळी पाठवता येतात आणि कक्षाचं उत्तर दुकानाच्या बिलासारख्या अरुंद कागदावर छापून येतं. हवामानासाठी, बिघाडासाठी. पलीकडे गुरुजी बसलेला.

ती उठली आणि पुढच्या पडद्याआडच्या चिमुकल्या स्वयंपाकघरात गेली. विमानातल्या सेवकवर्गाची प्रमुख, जिला बाकीच्या पोरी मावशी म्हणत होत्या, कॉफीचे डाग पुसत उभी होती.

"बाथरूम मागे आहे हो."

"कप्तानांना एक निरोप द्यायचाय. कक्षाला पाठवण्यासाठी. खाजगी आहे."

"खाजगी?" मावशीने फडकं खाली ठेवलं. "तीनशे माणसं आहेत मागे. सगळ्यांचेच खाजगी निरोप असतात. साहेब माझं डोकं खातील."

"या विमानाचं नियोजन माझं आहे. कागदावर सही माझी आहे."

"असं!" मावशीने कंबरेवर हात ठेवले. "म्हणजे तो दोन तासांचा धक्काबुक्कीचा रस्ता तुमचाच का? सगळी ट्रॉली कॉफीत न्हाऊन निघाली माझी."

"वारा मी आणत नाही."

"तुम्ही लोक सगळे हेच म्हणता." तेवढ्यात तिचं लक्ष समोरच्या चेहऱ्याकडे गेलं आणि आवाज खाली आला. "कोण आहे?"

"वडील."

मावशीने हात पुढे केला. "द्या. मोठ्या अक्षरात लिहा, साहेबांना चष्मा लागलाय आणि ते मान्य करत नाहीत."

तिने लिहिलं: गुरुजी, भावाला कळवा. मी १७:४० ला उतरते, १२:१० ला नाही. डॉक्टरांना थांबवा. खाली भावाचा नंबर, हॉस्पिटलचं नाव.

*

पहिली पट्टी अर्ध्या तासाने आली. फोन बंद. प्रयत्न चालू.

दुसरी आणखी चाळीस मिनिटांनी. हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर निरोप ठेवला. बाई म्हणाल्या, वर पाठवते. पाठवला का माहीत नाही. पुन्हा करतो.

मावशीने तिला स्वयंपाकघरातल्या घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. "मागे बसून तुम्ही शेजाऱ्याला वेड लावाल." घड्याळाकडे बघू नका, असं म्हणत ती स्वतःच दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. एक पोरगी येऊन कुजबुजली, "मावशी, बावीसमधले आजोबा पुन्हा विचारतायत, अजून किती वेळ."

"सांग, मघाशी सांगितलं त्यापेक्षा कमी."

गावात पावणेबारा वाजले तेव्हा वैमानिकांच्या खोलीचं दार उघडलं आणि कप्तान स्वतः बाहेर आला. पन्नाशीचा, शर्टाच्या बाह्या सारलेल्या, हातात पट्टी. "याचा अर्थ मला लागत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला लागतो का बघा."

भाऊ भेटला. विचारतोय, यात साडेपाच मिळवलेत की मिळवायचे आहेत? म्हणतो, तुझ्या वेळेत नेहमी साडेपाच मिळवायचे असतात. त्याने रात्रीच डॉक्टरांना १७:४० सांगितलंय. आता १७:४० म्हणतेस तर २३:१० धरायचे का? रक्तदाब घसरतोय. डॉक्टर अकरा-बारापर्यंत थांबणार नाहीत, तसं असेल तर आत्ताच काढू म्हणतात. तो दारात उभा आहे. लगेच सांग.

तिने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला वेळ नव्हता.

भावाला सगळं ठाऊक होतं. तिच्याकडे सकाळचे आठ वाजले तेव्हा गावात रात्रीचा दीड होता, आणि तेव्हाच त्याने हिशेब नीट लावला होता. नीट लागलेल्या त्या हिशेबात तिने मघाशी हात घातला आणि तो बिघडवला.

"मिळवलेत," ती म्हणाली. "लिहा, साडेपाच मिळवलेत. सतरा चाळीसच. आणखी काही मिळवू नकोस म्हणावं."

कप्तान आत गेला. या वेळी त्याने दार लावून घेतलं नाही. नियमात ते बसत नव्हतं, आणि मावशी दाराला पाठ लावून अशी उभी राहिली की मागून कुणाला काही दिसू नये. आतून त्याचा आवाज आला. "जात नाहीये."

"काय झालं?" मावशीने विचारलं.

झालं काय, ते तिला न विचारताही कळत होतं. नकाशाचा तो तुकडा तिच्या डोळ्यांसमोर होता. समुद्राच्या त्या पट्ट्यात एका उपग्रहाचा पल्ला संपून दुसऱ्याचा सुरू व्हायचा असतो. मध्ये पंधरा-वीस मिनिटं यंत्र मुकं. दरवेळी ती कागदावर तिथे एक बारीक चौकट काढायची आणि पुढच्या कामाला लागायची.

"पुन्हा पाठवतोय," आतून आवाज आला.

भाऊ दारात उभा. पलीकडे डॉक्टर, हातात अप्पांचे कागद. आत्या बाकावर. तिघांच्या डोक्यात रात्रीचे सव्वाअकरा. भाऊ भांडायचा तेवढा भांडून झालेला असणार. दोन दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही, खांदा द्यायला शेजारी कुणी नाही. समोरचा माणूस शांतपणे म्हणतोय की इतका वेळ ते शरीरच तग धरणार नाही. भाऊ होकाराची मान हलवेल. तिने त्याच्या जागी हलवली असती.

"पुन्हा."

बारा वाजून गेले. मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. कॉफीचं यंत्र उगाच गुरगुरत होतं. बारा सात. बारा नऊ.

"गेला!" कप्तान म्हणाला.

त्यानंतरची सहा मिनिटं तिला नीटशी आठवत नाहीत. यंत्राची किरकिर ऐकू आली आणि कागद फाटल्याचा आवाज.

कळवलं. भाऊ म्हणतो, हुश्श. साडेसातपर्यंत ठरलंय. उतरल्यावर पावणेदोन तास धरलेत. रडतोय बहुतेक, पण आवाज बरा आहे. गुरुजी.

मावशीने पट्टी तिच्या हातातून घेतली, वाचली, आणि एक कप चहा समोर आपटल्यासारखा ठेवला. "घ्या. आणि हे तुमचं घड्याळ कुणी शोधून काढलं, त्याला माझ्याकडे पाठवा."

*

तासाभराने मावशी तिच्या रांगेपाशी येऊन वाकली. "साहेबांनी सांगितलंय, त्यांनी मधल्या मधे सरळ जायची परवानगी मागून घेतली. वाकडा फेरा वाचला. अकरा मिनिटं आधी पोचतोय आपण. तुमच्यासाठी हं, असं कधी करत नाहीत."

"त्यांना माझे आभार सांगा," ती म्हणाली.

अकरा मिनिटं. सवयीने तिने हिशेब केला. पाच एकोणतीसला उतरणार, पावणेसातच्या सुमारास हॉस्पिटल. साडेसातची मुदत, हातात पाऊण तास. चांगलं आहे, असं वाटून ती मागे टेकली.

आणि मग तिला दिसलं की ती काय मोजत होती.

डॉक्टर तिच्यासाठी थांबले होते. ती पोचेपर्यंत अप्पांची छाती वरखाली होत राहणार होती, आणि ती पोचली की थांबणार होती. म्हणजे सकाळी पडद्यावर आलेला तो आकडा, तेरा तास पन्नास मिनिटं, हा तिच्या प्रवासाचा वेळ होता तसाच अप्पांच्या उरलेल्या आयुष्याचाही. समोरचा वारा जोरात लागला असता तर ते अधिक जगले असते. वादळ चुकवायला तिने आखलेले ते एकशे सव्वीस मैल म्हणजे सोळा-सतरा मिनिटं होती, त्यांच्या श्वासांची. त्यातली अकरा एका भल्या माणसाने तिच्यावर उपकार म्हणून आत्ताच कापून टाकली होती, आणि ती आभार सांगून मोकळी झाली होती.

परत जाऊन काय सांगणार? वळसा घ्या म्हणून?

खिडकीबाहेर ऊन होतं. विमान आपल्या वेगाने चाललं होतं. साडेनऊ तास ती मनातल्या मनात त्याला पुढून ओढत आली होती. आता पहिल्यांदा तिने ओढणं सोडलं.

*

पारपत्राची रांग, सामानाच्या पट्ट्याजवळून नुसतंच पुढे जाणं, टॅक्सी. टॅक्सीवाल्याने विचारलं, "घाई आहे का?" तिने फक्त हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तो समजूतदार माणूस होता, त्याने नेहमीच्या वेगाने गाडी चालवली.

तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या दाराबाहेर भाऊ उभा होता. दाढीचे खुंट, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. आत्या बाकावर बसल्या जागी पेंगत होती.

"आलीस."

"आले."

ती म्हणाली, "तुला कसं माहीत? साडेपाचाचं?"

"अप्पा करायचे ना." तो थकलेला हसला. अप्पांनी चौतीस वर्षं बसच्या आगारात वेळापत्रकं आखली होती. "तुझा फोन झाला की पेन्सिल घ्यायचे. तू सांगायचीस, सहा पन्नासला उतरते. ते कॅलेंडरवर लिहायचे बारा वीस. मी एकदा म्हटलं, तिला सांगा ना, दरवेळी चुकीची वेळ सांगतेस म्हणून. तर म्हणाले, ती दिवसभर त्या घड्याळात राहते. घरच्यांनी तरी तिला दुरुस्त करू नये. आपण मिळवून घ्यावं."

"दरवेळी?"

"दरवेळी. एकोणीस वर्षं. तुला काय वाटलं, तू गावची वेळ सांगत होतीस?"

तिला तसंच वाटलं होतं. दरवेळी विमानतळाबाहेर अप्पा कठड्याला टेकून उभे असायचे, पाच मिनिटं आधी आलेले, आणि तिला कधी त्यात नवल वाटलं नव्हतं.

दार उघडून डॉक्टर आले. तरुण होते, डोळे लाल. "आपण मुलगी ना? या. आत जाऊन बसा हवं तेवढं. रक्तदाब आम्ही धरून ठेवलाय, पण आता तो आमचंही ऐकत नाही. तुम्ही सांगितलंत की मग..." त्यांनी दार तिच्यासाठी धरून ठेवलं. "साडेसात म्हटलं होतं, पण थोडं पुढेमागे चालेल."

थोडं पुढेमागे. अजून दोन तास मागितले तर कदाचित दिले असते. तिने भावाकडे पाहिलं. भिंतीला टेकलेला, गुडघे किंचित वाकलेले, उभ्या उभ्या झोपायच्या बेतात. काल रात्रीपासून त्याने हे दार तिच्यासाठी अडवून धरलं होतं.

अप्पांचा हात उबदार होता. तिने तो दोन्ही हातांत घेतला. पेन्सिल धरून धरून मधल्या बोटाला पडलेला घट्टा अजून होता. मशीन श्वास घेत होतं, सोडत होतं, एकाच मापाने. तिने काही मोजलं नाही.

"वारा समोरून होता, अप्पा," ती हळूच म्हणाली. "रस्ता खराब होता. पण आले."

बराच वेळ ती तशीच बसली. आत्याला धरून भावाने आत आणलं, दुसरी खुर्ची ओढली, आत्याला बसवलं. आत्याने अप्पांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "बघ, आली तुझी."

भाऊ पलीकडच्या बाजूला उभा राहिला आणि त्याने दुसरा हात धरला. तो तिच्याकडे बघत नव्हता. विचारतही नव्हता. आता तिनेच सांगायचं होतं.

"बोलाव त्यांना," ती म्हणाली.